किनारा लांबला, भूगोल आखडला

भारताला ७,५१६ किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे, हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत पाठ केले, उत्तरपत्रिकेत उतरविले आणि त्याचा एक गुण पदरात पाडून घेतला. २०२४ सालच्या अखेरीस हा आकडा निकालात निघाला. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अहवालात नव्या मोजणीनुसार ही लांबी ११,०९८ किलोमीटर देण्यात आली. गुजरातचा किनारा १,२१४ किलोमीटरांवरून २,३४० वर गेला, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाला. गोव्याच्या पदरातही काही वाढीव किलोमीटर पडले. पुदुच्चेरीचा किनारा तेवढा थोडा आखूड भरला. समुद्र मागे हटला की सरकारने भराव घातला, असा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी केला, आणि त्यातले सगळेच विनोद करीत नव्हते.

वास्तविक समुद्र जागचा हलला नव्हता. जुनी मोजणी १९७० च्या दशकातली. ती ज्या नकाशावरून झाली त्यावर एका सेंटिमीटरात ४५ किलोमीटर मावत होते. मांडवीचे मुख काय, आग्वादचे भूशिर काय, सारे एका सरळसोट रेषेत गडप. नवी मोजणी ज्या नकाशावरून झाली त्यावर एका सेंटिमीटरात अडीच किलोमीटर आहेत, त्यामुळे खाड्या, उपसागर, खडकांची टोके रेषेत उमटली आणि रेषा लांबली. पट्टी आणखी लहान करावी तर किनारा आणखी लांबेल. याला अंत नाही. तेव्हा ‘खरी लांबी किती’ हा प्रश्न, कोणत्या प्रमाणावर मोजायची ते सांगितल्याखेरीज विचारताच येत नाही. भूगोलाच्या विद्यार्थ्याला हे पहिल्या वर्षी कळते. आपल्याला मात्र पन्नास वर्षे एक आकडा घोकूनही कळले नव्हते.

ही जुनी बातमी आज उकरून काढण्यास कारण घडले ते असे. गेल्या आठवड्यात तिसवाडीतील एका खाजनकाठच्या गावचे गृहस्थ आपल्या मुलीला बरोबर घेऊन आमच्या कचेरीत आले. मुलगी भूगोल हा मुख्य विषय घेऊन पदवीधर झालेली. पदव्युत्तर अभ्यासासाठी तिला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळत होता. एक दूरचे, देशभर नाव असलेले. दुसरे जवळचे, ज्याचा बोलबाला कोणी करीत नाही असे. शुल्क भरण्यास आठ दिवसांची मुदत होती. “संपादकसाहेब,” गृहस्थ म्हणाले, “आमची बाय म्हणते, आणखी भूगोल शिकायचा आहे. आणखी म्हणजे किती? पृथ्वी तर एकच ना?” प्रश्न हसत विचारला होता, पण त्यामागची काळजी हसण्याची नव्हती. दोन वर्षांचा खर्च, परगावचे राहणे आणि शेवटी हाती काय, हे त्यांना कोणी सांगत नव्हते. आम्हीही त्या वेळी नीट सांगू शकलो नाही. जे सांगावयास हवे होते ते येथे लिहीत आहोत. त्यांच्यासारखे पालक आणि तिच्यासारख्या मुली आणखीही असणार.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, हा विषय आपण समाज म्हणून हसण्यावारी नेला आहे. शेजारच्या महाराष्ट्राच्या शालान्त परीक्षेत तो इतिहास-राज्यशास्त्राच्या मागे ४० गुणांचे शेपूट होऊन येतो. नद्यांच्या उपनद्या, पिकांचे प्रदेश, राजधान्या यांची यादी म्हणजे भूगोल, अशी समजूत तेथेच पक्की होते आणि जन्मभर सुटत नाही. याची लाज केवळ आपल्यालाच वाटावी असे नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने १९४८ साली भूगोलाचा अभ्यासक्रम बंद करून टाकला. पण हार्वर्डला सारी दुनिया मोकळी होती. आपल्याला एवढीशी चिंचोळी पट्टी मिळाली आहे, आणि या पट्टीवर गेल्या वीस वर्षांत जे जे भांडण उभे राहिले ते ते मुळात नकाशाचे भांडण होते.

वाचकांना स्मरत असेल, २००६ साली अधिसूचित झालेला ‘प्रादेशिक आराखडा २०११’ लोकांच्या उठावामुळे २००७ साली मागे घ्यावा लागला. लोक रस्त्यावर उतरले ते नकाशावरील रंगांवरून. आपल्या गावची टेकडी हिरव्याची कोणत्या रंगाची झाली, हे भिंगातून पाहणारी साधीसुधी माणसे तेव्हा गावोगाव दिसत होती. पुढे २०२१ साली किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचा मसुदा सुनावणीस आला. तो चेन्नईच्या एका केंद्रीय संस्थेने तयार केला होता. त्यात खाजने, बांध, मानशी, वाळूच्या टेकड्या नीट नोंदल्या गेल्या नाहीत, अशा तक्रारी पंचायतींनी आणि मच्छीमारांनी केल्या. चेन्नईच्या तज्ज्ञांवर राग काढण्यात आम्हांस स्वारस्य नाही. उपग्रहाच्या चित्रात मानस दिसत नाही, हा काही त्यांचा गुन्हा नव्हे. मानस कोठे असते, कशासाठी असते, हे ठाऊक असलेला आणि ते नकाशावर शास्त्रशुद्ध उतरवू शकणारा माणूस आपण तयार केला नाही, हे दुखणे आपले आहे.

खाजन म्हणजे काय, हे पणजीत वाढलेल्या नव्या पिढीला सांगावे लागते, म्हणून दोन शब्द. भरतीच्या पातळीहूनही खाली असलेली ही जमीन आपल्या पूर्वजांनी मातीचे बांध घालून खाडीपासून सोडवून घेतली. बांधाला लाकडी झडपांचे दार, तीच मानस. भरती चढू लागली की पाण्याच्या दाबाने झडपा आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. आत भात पिकते, कडेच्या पाण्यात मासळी वाढते, आणि किती खारे पाणी आत घ्यावयाचे याचा हिशेब गावकरीने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. गोव्यात अशी सुमारे १७,५०० हेक्टर जमीन सांगितली जाते. एक बांध फुटला की पाठीमागची सारी शेते खारावतात. अशा जमिनीचा अभ्यास करणाऱ्याला भूरूपशास्त्र हवे, भरती-ओहोटीचे गणित हवे, मातीचे रसायन हवे, आणि कोमुनिदादीचे जुने दप्तर वाचण्याइतका इतिहासही हवा. इतके सारे एका छपराखाली आणणारा विषय विद्यापीठात एकच आहे.

म्हादईचे पाहा. कणकुंबीच्या परिसरात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस थोड्याशा अंतराने वाट बदलतो. एका उतारावरचे पाणी म्हादईत उतरून मांडवीच्या नावाने अरबी समुद्राला मिळते. पलीकडच्या उतारावरचे मलप्रभेत पडते, तेथून कृष्णेत, आणि अखेर बंगालच्या उपसागरात. कळसाचा ओहोळ इकडून तिकडे वळवावा की नाही, हा तंटा या जलविभाजकाच्या कड्यावर उभा आहे. म्हादईचे खोरे २,०३२ चौरस किलोमीटरांचे. त्यातले १,५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात, ७७ महाराष्ट्रात. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टी.एम्.सी. पाणी दिले. या आकड्यांवर पणजीत आणि बेळगावात सारखाच त्वेष दिसतो. परंतु नदीत पाणी मुळात किती, पाऊस मोजणारी ठाणी कोठे, भरतीच्या वेळी खारे पाणी किती वर चढते, या प्रश्नांवर दोन्हीकडच्या सभांतून फारसे ऐकू येत नाही. घोषणा देणाऱ्यांची वाण आपल्याला कधीच पडली नाही.

असो. आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू.

भूगोलात प्रवेश घेणाऱ्याने पहिली चौकशी करावी ती आपली पदवी कोणत्या नावाची मिळणार याची. ही बाब क्षुल्लक वाटते, पण तिच्यावर पुढची दहा वर्षे अवलंबून असतात. आपल्या देशात हा विषय कोठे कला शाखेत बसविलेला आहे, कोठे विज्ञान शाखेत, तर कोठे विद्यार्थ्याच्या मागील शिक्षणाप्रमाणे एम्. ए. किंवा एम्. एस्सी. अशी दोन नावे देण्याची सोय आहे. वर्ग तोच, अध्यापक तेच, नदी तीच. पण संशोधनाची अधिछात्रवृत्ती मिळविण्याचे दरवाजे दोन आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘नेट’ परीक्षेत भूगोल हा स्वतंत्र विषय आहे. दुसरीकडे, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या ‘नेट’मध्ये पृथ्वी, वातावरण आणि सागर विज्ञानाची प्रश्नपत्रिका असते आणि तिच्यात प्राकृतिक भूगोलाचा भाग असतो. या दुसऱ्या दरवाजाने जाण्यास एम्. एस्सी. किंवा तिच्या तोडीची पदवी लागते. नद्या, किनारा, माती यांत रस असलेल्या मुलाने केवळ माहिती नसल्यामुळे एम्. ए. चा अर्ज भरला की एक दरवाजा त्याच्यापुरता बंद होतो. हे कोणत्याही माहितीपुस्तकात ठळक छापलेले आम्ही पाहिले नाही.

प्रवेशाची पद्धत २०२२ पासून बदलली. केंद्रीय विद्यापीठांनी पदवी आणि पदव्युत्तर प्रवेशासाठी एक सामायिक परीक्षा स्वीकारली. दिल्ली आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील भूगोलाचे वर्ग आता याच वाटेने भरतात. राज्य विद्यापीठांची आपापली रीत निराळी. सामायिक परीक्षेचा एक लाभ निर्विवाद आहे. काणकोणच्या किंवा खानापूरच्या विद्यार्थ्याला पूर्वी प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळा अर्ज, वेगळे शुल्क आणि वेगळा प्रवास करावा लागे, तो वाचला. तथापि चार पर्यायांतून एक निवडण्याच्या परीक्षेत चांगला भूगोलज्ञ कसा ओळखणार, हे आम्हांस उमगत नाही. समोच्च रेषांचा नकाशा हातात देऊन ‘या गावात पाणी कोठे साचेल’ असा प्रश्न विचारावा, त्याला अर्धा तास द्यावा. पाच मिनिटांत उत्तर देणारा बहुधा चूक असेल. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेवरचा विश्वासही निर्वेध राहिलेला नाही. १८ जून २०२४ रोजी देशभर झालेली ‘नेट’ परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द करण्यात आली आणि ती पुन्हा होईपर्यंत ऑगस्ट उजाडला. त्याच वर्षापासून पीएच्. डी. च्या प्रवेशासाठीही ‘नेट’चे गुण धरण्याचे ठरले होते. एका रद्द परीक्षेने किती घरांचे वेळापत्रक कोलमडले असेल, याचा हिशेब दिल्लीत कोणी मांडल्याचे ऐकिवात नाही.

परंतु प्रवेश ही सोपी बाजू. अवघड बाजू आहे अध्यापकाची, आणि आमच्या मते सगळा प्रश्न तेथेच आहे.

भूगोलाचे विभाग इमारतींवर मोठे होत नाहीत. अलीगढला १९२० च्या दशकात या विषयाचे उच्च शिक्षण सुरू झाले, कलकत्त्याला १९४१ मध्ये. कलकत्त्याचा विभाग म्हणजे शिवप्रसाद चटर्जी. त्यांनी १९४९ साली ‘बेंगॉल इन मॅप्स’ काढले, आणि त्याच हातांनी १९५६ साली राष्ट्रीय नकाशासंग्रहाची सरकारी संस्था उभी केली. संस्थेचा पहिला संग्रह पुढच्याच वर्षी निघाला, तोही हिंदीत. चंदिगढचे नाव झाले ते गुरुदेव सिंग गोसल यांच्या लोकसंख्या भूगोलामुळे. हैदराबादेतील आमच्या वाचकांना ठाऊक असेल, उस्मानिया विद्यापीठातील शाह मंजूर आलम यांनी हैदराबाद-सिकंदराबाद या जुळ्या शहरांचा जो अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध केला, त्याचा दाखला भारतीय नगरांवर लिहिणारे पुढे कित्येक वर्षे देत राहिले. दिल्लीत १९७१ साली मूनिस रझा यांनी प्रादेशिक विकासाच्या अभ्यासाचे केंद्र उभारले. तेथे भूगोलज्ञ, अर्थशास्त्रज्ञ आणि लोकसंख्येचे अभ्यासक एका मांडवात बसले. पुण्यात के. आर. दीक्षित यांनी दख्खनच्या भूरूपांचा अभ्यास रुजविला. त्याच विभागातले विश्वास काळे नर्मदा-तापीच्या काठी कपारींतून साचलेल्या गाळावरून शेकडो वर्षांपूर्वीच्या महापुरांच्या उंच्या काढीत राहिले.

आणि आपल्या भागाचे चं. धुं. देशपांडे. त्यांचा पश्चिम भारताच्या प्रादेशिक भूगोलाचा ग्रंथ १९४८ साली धारवाडहून प्रसिद्ध झाला. देश नुकताच स्वतंत्र झालेला, भाषावार प्रांतांचा प्रश्न दाराशी. अशा वेळी कोकणपट्टी, घाटमाथा, मावळ, देश यांच्या सीमा माती, पाऊस आणि माणसांची उपजीविका यांवरून आखणारे पुस्तक धारवाडसारख्या गावातून निघाले. राज्यांच्या सीमांवरून आपण पुढे इतकी वर्षे भांडलो. त्या ग्रंथातल्या सीमा कोणी भांडणासाठी आखल्या नव्हत्या. कदाचित म्हणूनच तो कोणी फारसा वाचला नसावा.

ही नावे सांगण्याचा हेतू गतकाळाचे गुणगान हा नाही. ज्या विभागाचे नाव ऐकून आपण मुलाला पाठवितो, ते नाव ज्यांनी मिळविले ती माणसे निवृत्त झाली, काही दिवंगत झाली. पाटी राहिली. पाटीखाली आज कोण आहे हे पाहावे लागते. अनेक विद्यापीठांत मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या आणि काम तासिका तत्त्वावरील वा कंत्राटी अध्यापकांकडून भागवायचे, हा शिरस्ता पडला आहे. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही, तो विद्यार्थ्याला तीन पावसाळे एकाच नदीवर कसा नेणार? आणि तीन पावसाळे एकाच नदीवर गेल्याखेरीज नदी कळत नाही.

तेव्हा त्या मुलीने काय पाहावे? विभागात जो कोणी खाडी, किनारा किंवा शेतजमीन यांवर काम करतो, त्याचे गेल्या पाच वर्षांतले लेख काढून वाचावेत. त्याच्या हाताखालचे प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात विनामूल्य वाचावयास मिळतात. त्यातले नकाशे विद्यार्थ्याने स्वतः मोजून काढले आहेत की कोठून उचलले आहेत, हे दोन पाने उलटताच दिसते. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि साहाय्यक प्राध्यापकाला चार संशोधक विद्यार्थी घेता येतात; नाव मोठे असले आणि जागा भरलेल्या असल्या तर त्या नावाचा उपयोग नाही. विद्यार्थी वर्षातून किती दिवस क्षेत्रावर जातात, हे तेथल्याच एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला विचारावे. शेवटी त्या अध्यापकाला सरळ पत्र लिहावे, ‘मी अमुक गावची, मला अमुक प्रश्न पडला आहे’ एवढेच. ज्याला विषयाची गोडी आहे तो उत्तर देतो. उत्तर आले नाही, तर तेही एक उत्तर समजावे.

या कसोटीला दूरचे नामवंत विद्यापीठ उतरते की जवळचे, हे आम्ही येथे बसून सांगू शकत नाही. पण कसोटी ही असावी. वसतिगृहाची इमारत, विद्यापीठाचा क्रमांक, शेजारच्या मुलाने कोठे प्रवेश घेतला, या नंतरच्या गोष्टी.

पैशाचा विषय काढला की आपल्याकडे आवाज खाली जातो. आम्ही तो वर काढू इच्छितो. ‘नेट’मधून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, पुढे ज्येष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये, अशी सोय आहे. रक्कम चांगली आहे. मात्र ती मिळविणारे थोडे, त्यांतही सर्वसाधारण वर्गासाठी वयाची अट तिशीची, आणि हप्ते रखडल्याच्या तक्रारी नेहमीच्या. ती न मिळालेल्या केंद्रीय विद्यापीठातील संशोधकाला महिना ८,००० रुपये मिळतात, ते गेली दहाहून अधिक वर्षे तेवढेच आहेत. राज्य विद्यापीठात या ८,००० चीही हमी नाही. सर्वांत चमत्कारिक बाब प्रवासखर्चाची. आयोगाच्या हिशेबी भूगोल मानव्यविद्येत बसतो, म्हणून अधिछात्रवृत्तीधारकाला आकस्मिक खर्चापोटी पहिली दोन वर्षे वर्षाला १०,००० रुपये. महिन्याचे ८३३ रुपये आणि वर चिल्लर. त्यातून पुस्तके, कागद, नकाशे, होडीचे भाडे, मातीची तपासणी. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही रक्कम कदाचित पुरेल, त्याला होडी लागत नाही. चिखलात उतरावयास लावणारा विषय ग्रंथालयाच्या दराने चालवायचा, असा हा न्याय आहे.

परदेशाची वाटही अनेकांच्या मनात असते. तिच्याविषयी थोडक्यात एवढेच की, अमेरिकेत पीएच्. डी. ला जाणाऱ्याने शुल्क भरून जाऊ नये; चांगले विभाग अध्यापन-साहाय्याच्या बदल्यात शुल्कमाफी आणि निर्वाहवेतन देतात, पण तेथेही आधी मार्गदर्शकाशी पत्रव्यवहार लागतो. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी-शुल्क नाही. ब्रिटनचा एक वर्षाचा अभ्यासक्रम शिष्यवृत्तीखेरीज घर गहाण टाकून करावा असा नाही. केंद्र सरकारची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे, तिच्या नियमांत २०२२ साली भारताची संस्कृती, इतिहास व समाज यांवरील संशोधनविषय वगळण्यात आले. आपल्याच गावच्या जमिनीचा आणि तिच्यावर राबणाऱ्यांचा अभ्यास परदेशी जाऊन करायचा असेल तर या मुलांना सरकारी मदत नाही, असा त्याचा अर्थ निघतो. यामागचे शहाणपण आम्हांस आजवर कोणी समजावून दिलेले नाही.

देशातल्या देशात एक जागा मात्र पालकांनी ध्यानात ठेवावी. डेहराडूनची सुदूर संवेदन संस्था १९६६ साली हॉलंडच्या मदतीने विमानांतून घेतलेली छायाचित्रे वाचावयास शिकविण्यासाठी निघाली. आज ती अंतराळ संशोधन संस्थेच्या छत्राखाली आहे आणि घरबसल्या घेता येण्याजोगे तिचे कित्येक वर्ग विनामूल्य असतात. नकाशांवरचे जुने निर्बंधही आता सैल झाले आहेत. किनारपट्टीचे सविस्तर स्थलनिर्देशक नकाशे अनेक वर्षे सामान्य विद्यार्थ्याच्या हाती पडणे दुरापास्त होते. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूत्रांनी आणि डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय धोरणाने भू-स्थानिक माहिती देशातील नागरिकांना आणि कंपन्यांना बऱ्याच अंशी मोकळी केली. कंपन्यांना ही बातमी लगेच कळली. जमीनखरेदीचे दलाल उपग्रहाची चित्रे घेऊन हिंडतात. पंचायतीच्या कपाटात मात्र अजून वाळवी लागलेले भूमापनाचे कागद आहेत, आणि ते उलगडून दाखविणारे माणूस गावात नाही. नोकरी कोठे, असे विचारणाऱ्या पालकांनी हे रिकामे आसन पाहावे.

यासाठी राज्य सरकारने काय करावे, तेही सांगून टाकतो. १८८७ साली ऑक्सफर्डला भूगोलाचे अध्यापनपद निर्माण झाले आणि त्यावर हॅलफर्ड मॅकिंडर यांची नेमणूक झाली, तेव्हा त्या पगाराचा वाटा लंडनच्या भूगोल संस्थेने उचलला होता. विषयाची गरज ज्याला, त्याने पदरमोड केली. गोव्यात भूगोलाची गरज कोणाला आहे? नगरनियोजन खात्याला आहे, जलसंपदा खात्याला आहे, किनारी क्षेत्र प्राधिकरणाला आहे. ही खाती बाहेरच्या सल्लागारांना नकाशांसाठी पैसे मोजतच असतात. त्यातला अल्पसा भाग दरसाल काही विद्यार्थ्यांच्या क्षेत्रखर्चासाठी वेगळा काढावा, बदल्यात प्रत्येकाने एका खाजनाचा, एका सड्याचा किंवा एका खाडीचा मोजून काढलेला नकाशा राज्याला द्यावा. सड्याचा म्हणण्यास कारण आहे. जांभ्या दगडाचा हा माळ उजाड दिसतो म्हणून त्यावर प्रकल्पांची नजर जाते, पण पावसाचे पाणी त्याच सच्छिद्र दगडातून मुरून पायथ्याच्या झरींतून निघते आणि खालची कुळागरे त्यावर जगतात. कोणत्या सड्याचे पाणी कोणत्या झरीला, याचा गावोगावचा नकाशा आज राज्यापाशी असता तर निम्मे वाद न्यायालयापर्यंत गेले नसते. गोवा विद्यापीठ १९८५ साली झाले. त्याआधी आपली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या आसऱ्याला होती. तेव्हा प्रश्न मुंबईत ठरतात अशी तक्रार करता येत असे. ती सोय आता चाळीस वर्षांपूर्वीच संपली आहे.

ते गृहस्थ निघण्यास उठले तेव्हा मुलीने पिशवीतून एक वही काढली. तोवर ती फारशी बोललीच नव्हती. वहीत तिने आपल्या गावच्या खाजनाचा नकाशा काढला होता: पेन्सिलीने, कासऱ्याने अंतरे मोजून, उत्तर दिशेचा बाण आणि प्रमाण घालून. अकरा मानशी दाखविल्या होत्या. सात चालू, तीन मोडलेल्या. आणि एकीच्या जागी नुसते दोन दगड उरले आहेत, ती आजोबांना विचारून तुटक रेषेने काढली होती. वडील तो नकाशा आमच्याबरोबरच प्रथम पाहत होते. सरकारी मसुद्यात यांपैकी किती आहेत ते ताडून पाहावे म्हणून आम्ही ते पान मागितले. तिने वही दिली नाही. खाली जाऊन झेरॉक्स काढून आणून दिली.